नाव पीडीएफ, आत भलतंच

ठाण्यात कोर्ट नाक्याच्या आसपास झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्म भरून देणारी जी बारकी दुकानं आहेत, त्यातलं एक माझं. पूर्वी गिऱ्हाईक यायचं ते "ताई, दोन्ही बाजूंनी झेरॉक्स" म्हणत. आता मोबाईल पुढे धरतं आणि म्हणतं, "ही फाईल उघडतच नाही हो, तुमच्याकडे बघा ना उघडते का." जणू माझ्या कॉम्प्युटरला वेगळे डोळे आहेत.

मागच्या जूनमध्ये, ॲडमिशनच्या धामधुमीत, कळव्याचे एक काका आले. मुलीचा दाखला त्यांनी संकेतस्थळावरून डाउनलोड केला होता, एकदा नव्हे, सहादा. पेनड्राइव्हवर सहाही प्रती हजर: दाखला, दाखला १, दाखला २, असं करत पाचपर्यंत. दर वेळी ब्राउझरचं एकच पालुपद, पीडीएफ लोड झाली नाही. घरी मुलाने क्रोम काढून पुन्हा टाकलं, मग ॲडोब रीडर टाकलं, मग कॉम्प्युटर बंद करून चालू केला. काका पार वैतागले होते. "साइटच बोगस आहे," म्हणाले.

मी फाईल उघडायच्या भानगडीत पडलेच नाही. फोल्डरमध्ये आकार तेवढा पाहिला. सहाही फाईली ४ केबीच्या. बोधचिन्ह, सही, क्यूआर कोड असलेला दाखला ४ केबीत मावत नाही. मग त्यातली एक फाईल नोटपॅडमध्ये ओढली. खरी पीडीएफ नोटपॅडमध्ये टाकली तर बहुतेक सगळा गिचमिड कचराच दिसतो, पण अगदी सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटून पीडीएफ ही तीन इंग्रजी अक्षरं असतात, पुढे १.४ किंवा १.७ असा आवृत्तीचा आकडा. काकांच्या फाईलीत पहिल्याच ओळीला 'डॉकटाइप एचटीएमएल' होतं. म्हणजे हे वेबपान. खाली सरकत गेले तर मधोमध इंग्रजीत एक वाक्य सापडलं: तुमचं सेशन संपलं आहे, पुन्हा लॉगिन करा.

झालं असं होतं, की काकांनी सकाळी लॉगिन केलं, मग फोन आला, मग जेवण झालं, आणि त्यानंतर डाउनलोडचं बटण दाबलं. तोवर साइटने त्यांना बाहेर काढलं होतं. तिने दाखल्याऐवजी 'पुन्हा लॉगिन करा' हे पान पाठवलं आणि ब्राउझरने ते इमानेइतबारे 'दाखला डॉट पीडीएफ' या नावाने ठेवून दिलं. सहाच्या सहा वेळा. आम्ही नव्याने लॉगिन केलं, लगेच बटण दाबलं, दोनशेच्या वर केबीची फाईल आली आणि उघडली.

आपल्या घरात 'साखर' लिहिलेल्या डब्यात रवा असतो आणि बिस्किटांच्या गोल डब्यात सुईदोरा. घरच्या माणसाला ते पाठ असतं, पाहुणा फसतो. फाईलीचं नाव आणि टिंबापुढची अक्षरं हे असंच लेबल आहे. विंडोज लेबल वाचून ठरवतं, की ही फाईल कुणाच्या हातात द्यायची. ब्राउझर मात्र लेबलापेक्षा चिठ्ठीला जास्त मान देतो. कोणतीही फाईल सर्व्हरकडून येते तेव्हा तिच्यासोबत एक न दिसणारी चिठ्ठी येते, तिला कंटेंट टाइप म्हणतात. त्यात लिहिलेलं असतं, 'ही पीडीएफ आहे' किंवा 'हे साधं लेखन आहे' किंवा 'हा नुसता बाइटांचा गठ्ठा आहे, काय ते तुम्ही बघा'. गठ्ठा म्हटलं की ब्राउझर दाखवत नाही, उतरवून ठेवतो. पीडीएफ असून साधं लेखन म्हटलं, तर पडद्यावर तो नोटपॅडवाला कचरा पसरू शकतो. चिठ्ठीत आणखी एक शेरा असू शकतो: ही जोडपत्र समजा, म्हणजे उघडू नका, साठवा. कित्येक साइट मुद्दाम तसा शेरा देतात. त्यामुळे "माझ्या ब्राउझरमध्ये उघडत नाही, नुसतं डाउनलोड होतं" ही तक्रारच नव्हे. डाउनलोडच्या फोल्डरात जा, फाईल तिथे बसली आहे.

आता खरी अडचण कुठे आहे ते कसं ओळखायचं? माझी रीत अशी. फाईल आधी कॉम्प्युटरवर साठवायची, मग ब्राउझरची रिकामी टॅब उघडून त्यात ती ओढून सोडायची. ओढलेली उघडली, तर फाईल शाबूत आहे, ब्राउझरही शाबूत आहे, घोळ साइटचा किंवा मधल्या वाटेचा. ओढलेली उघडली नाही, तर तीच फाईल दुसऱ्या ब्राउझरमध्ये ओढा. तिथे उघडली तर दोष पहिल्या ब्राउझरचा. कुठेच उघडली नाही तर दोष बहुधा फाईलीचा, आणि मग क्रोम काढून टाका, पुन्हा टाका, कॅशे पुसा, हे सगळं फुकटची हमाली. काकांच्या मुलाने दुपारभर हीच केली होती.

दोष पहिल्या ब्राउझरचा निघाला तर उपाय थोडे आणि सोपे. आधी गुप्त खिडकी, म्हणजे इन्कॉग्निटो, उघडून पाहा. तिथे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम, सहसा बंद असतात. तिथे उघडली, की कुठल्या तरी एक्स्टेन्शनने पाय अडकवला आहे असं समजा. पीडीएफचे आणि जाहिराती रोखणारे आधी तपासा. नवीन टॅब उघडायच्या आतच गायब होत असेल तर पॉप-अप अडवला गेला आहे. पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला बारीक खूण दिसते, तिच्यावर टिचकी मारून परवानगी द्या. फाईल उघडते पण पान काळंकुट्ट किंवा कोरं दिसतं, तर सेटिंग्जमध्ये हार्डवेअर किंवा ग्राफिक्स ॲक्सिलरेशन असं जे दिसेल ते बंद करून पाहा. आणि क्रोम दर वेळी पीडीएफ दाखवण्याऐवजी उतरवतच असेल, तर सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, तिथे तळाशी ॲडिशनल कंटेंट सेटिंग्ज, त्यात पीडीएफ डॉक्युमेंट्स, आणि तिथे 'ओपन पीडीएफ्स इन क्रोम' निवडा. फायरफॉक्समध्ये हेच जनरल या भागात, ॲप्लिकेशन्सच्या यादीत आहे.

एक जुना सल्ला मात्र अजून फिरतो, तो सोडून द्या: "ॲडोबचं प्लग-इन टाका." तो काळ गेला. पूर्वी ब्राउझरला पीडीएफ वाचता येत नसे, तो ॲडोबचं प्लग-इन स्वतःच्या पोटात चालवायचा. २०१० च्या अखेरीस क्रोमने पीडीएफ दाखवणारा स्वतःचा वाचक आत बसवला, २०१३ मध्ये फायरफॉक्सने. २०१५ मध्ये क्रोमने त्या जुन्या पद्धतीची प्लग-इन घेणंच बंद केलं. ज्या इंटरनेट एक्सप्लोररसाठी ते सल्ले लिहिले गेले, तोही जून २०२२ मध्ये निवृत्त झाला. ॲडोब रीडर आजही लागतो, पण ब्राउझरच्या बाहेर, वेगळा. कुठे लागतो ते पुढे येईलच.

दोष फाईलीचा निघाला तर निम्म्या वेळा ती अर्धवट उतरलेली असते. नाशिकहून एक मुलगा सकाळच्या गाडीने कागदपत्र तपासणीसाठी ठाण्याला आला होता. वाटेत गाडीतच हॉलतिकीट उतरवायला लावलं, पारसिकच्या बोगद्यात रेंज गेली, आणि फोनवर जे आलं ते उघडेना. अर्धी फाईल म्हणजे अर्धी पानं तरी दिसायला हवीत, असं त्याचं म्हणणं. रास्त आहे, पण पीडीएफचा जन्मच तसा नाही. पीडीएफची अनुक्रमणिका पुस्तकासारखी पुढे नसते, शेवटी असते. कुठलं पान कुठे, कुठला फाँट कुठे, कुठलं चित्र कुठे, हा सगळा तक्ता फाईलीच्या शेपटाला, आणि त्याच्याखाली 'इथे फाईल संपली' अशी खूण. वाचणारा आधी शेपटाकडे जातो, तक्ता वाचतो, मग पानं मांडतो. शेपूट तुटलं, की पानं हाताशी असूनही तो चाचपडत बसतो. काही वाचक तुटक्या फाईलीतून तक्ता नव्याने जुळवायचा प्रयत्न करतात, म्हणून कधीकधी एका ब्राउझरमध्ये चार पानं दिसतात आणि दुसऱ्यात एकही नाही. वेबसाठी खास मांडणी करून पहिलं पान लवकर दिसेल अशाही पीडीएफ करता येतात, पण दाखले, हॉलतिकिटं बनवणारे तेवढे कष्ट घेताना मला तरी दिसले नाहीत.

अर्धवट फाईल ओळखायची खूण: क्रोममध्ये नावाच्या शेवटी 'सीआर-डाउनलोड' असं शेपूट, फायरफॉक्समध्ये 'पार्ट'. ते शेपूट पुसून पीडीएफ लिहिलं म्हणून पोटातली फाईल पुरी होत नाही. लोक हे करतात. डब्याचं लेबल बदलून रव्याची साखर करणं म्हणतात ते हेच. त्या मुलाने दुकानातल्या वायफायवर तीच फाईल पुन्हा उतरवली, चाळीस सेकंदात काम झालं.

फोनवरची एक तऱ्हा वेगळी आहे आणि ती रोज दिसते. एखाद्या ॲपमध्ये लिंक दाबली, पांढरं पान आलं, गोल फिरत राहिलं. बऱ्याच ॲपच्या आत स्वतःचा छोटा ब्राउझर असतो, लिंक तिथेच उघडते. अँड्रॉइडवर या आतल्या ब्राउझरला सहसा पीडीएफ दाखवता येत नाही. वरची तीन टिंबं दाबून 'क्रोममध्ये उघडा' निवडलं की फाईल उतरते आणि फोनातला पीडीएफचा वाचक ती उघडतो. ड्राइव्हचं ॲप असलं तरी पुरतं.

लिंकेचा आणखी एक मासला. ऐरोलीहून एक ताई आल्या. नवऱ्याने ऑफिसातून विम्याच्या पॉलिसीची लिंक पाठवली होती, त्याच्याकडे छान दिसते, यांच्याकडे काही नाही. पत्ता पाहिला तर सुरुवातीलाच 'ब्लॉब' हा शब्द. ब्लॉबवाला पत्ता म्हणजे फाईल त्या साइटने त्या माणसाच्या ब्राउझरच्या स्मरणात तात्पुरती बनवली आहे; तो पत्ता त्याच कॉम्प्युटरच्या त्याच ब्राउझरात चालतो, टॅब बंद केली की खलास. तो दुसऱ्याला पाठवणं म्हणजे आपल्या घरातल्या फडताळाचा पत्ता शेजाऱ्याला सांगून 'तुमच्याकडे बघा' म्हणणं. "लिंक नको, फाईल साठवून पाठव म्हणावं," एवढंच मी सांगितलं. लॉगिनच्या आतल्या पानांच्या लिंका आणि परवानगी न दिलेल्या ड्राइव्हच्या लिंका याच घरातल्या.

सगळं ठीक असूनही ब्राउझर हात टेकतो अशी एक जात आहे. कॅनडाच्या व्हिसाचे फॉर्म घेऊन येणारी मंडळी नवी मुंबईकडून माझ्याकडे बरीच येतात, मुलंबाळं तिकडे शिकायला असतात. त्या फॉर्मची पीडीएफ क्रोममध्ये उघडली की एकच पान दिसतं आणि त्यावर इंग्रजीत 'प्लीज वेट'. थांबा म्हटलंय म्हणून माणसं खरोखर थांबतात. एक आजोबा चहा पिऊन आले तरी पान तेच. ते पान लोड होत नसतं, तेच पान फाईलीत कायमचं छापलेलं असतं. या फॉर्मच्या आत एक्सएफए नावाचा वेगळा, हलता फॉर्म दडवलेला असतो. ज्याला तो कळतो तो वाचक 'प्लीज वेट' बाजूला सारून फॉर्म मांडतो, ज्याला कळत नाही त्याला तेवढं एक पान दिसतं. क्रोमला तो कळत नाही, फायरफॉक्सला २०२१ पासून बऱ्यापैकी कळतो, पण भरायचा, तपासायचा, सही करायचा फॉर्म असेल तर कॉम्प्युटरवरचा ॲडोब रीडर घ्यावा. फोनवर नाद करू नये. पद्धत अशी: लिंकवर उजवं बटण, 'सेव्ह लिंक ॲज', मग आधी रीडर उघडून त्यातून फाईल निवडायची.

रीडर लागण्याची दुसरी जागा म्हणजे डिजिटल सही. डिजिटल सहीचा सातबारा किंवा ई-आधार ब्राउझरमध्ये उघडतं, पण सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह आणि 'व्हॅलिडिटी अननोन'. लोकांना वाटतं कागद खोटा आहे. प्रश्नचिन्हाचा अर्थ एवढाच, की सही अजून तपासलेली नाही, आणि क्रोम तर ती तपासतच नाही, नुसतं चित्र दाखवतो. फाईल रीडरमध्ये उघडायची, प्रश्नचिन्हावर उजवं बटण दाबून सही तपासायला सांगायची, सही करणाऱ्याचं प्रमाणपत्र पाहायचं, ते योग्य असेल तर विश्वासाच्या यादीत घालायचं. पुन्हा तपासलं की हिरवी खूण येते. एका कॉम्प्युटरवर हे एकदा केलं की त्या प्रमाणपत्रासाठी पुन्हा करावं लागत नाही. ज्या खिडकीवर हिरव्या खुणेचीच प्रिंट मागतात तिथे याला इलाज नाही.

पासवर्डच्या फाईली तर रोजच्याच. ई-आधारला नावाची पहिली ४ इंग्रजी अक्षरं मोठ्या लिपीत आणि पुढे जन्मवर्ष. नाव आधारवर जसं छापलंय तसंच घ्यायचं. आपण घरात काय म्हणतो ते नाही. आयकराच्या वार्षिक माहितीपत्रकाला पॅन लहान अक्षरांत आणि जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष, मध्ये काही चिन्ह नाही. बँकांचं प्रत्येकीचं वेगळं, पण मेलमध्येच लिहिलेलं असतं, खाली, बारीक टायपात, जिथे कुणी वाचत नाही.

आता वर्डच्या फाईली. ब्राउझरला पीडीएफ येते, डॉकएक्स येत नाही. क्रोम ती उतरवूनच ठेवणार, आणि ते बरोबरच आहे. ब्राउझरमध्येच पाहायची असेल तर गुगल ड्राइव्हवर किंवा वर्डच्या ऑनलाइन आवृत्तीत चढवावी लागते, तिथे ते कारखाने फाईल वाचून तिचं वेबपान करून दाखवतात. डॉकएक्सची एक गंमत आहे. ही फाईल म्हणजे खरं तर एक झिप गठ्ठा आहे, वर्ड २००७ पासून. नोटपॅडमध्ये ओढली तर सुरुवातीला पी आणि के ही अक्षरं दिसतात. झिप बनवणाऱ्या फिल कॅट्झ यांची ती आद्याक्षरं. म्हणून कधी कधी चुकीच्या चिठ्ठीपायी वर्डची फाईल 'झिप' म्हणून उतरते. नावातलं झिप काढून डॉकएक्स केलं की उघडते. इथे लेबल बदलणं चालतं, कारण आतला माल तोच आहे. उलटही करता येतं. एका मुलीचा कॉलेजचा प्रकल्प वर्डला उघडेना. प्रत काढून तिचं नाव झिप केलं, आत वर्ड नावाचा फोल्डर, त्यात मीडिया, त्यात तिचे सगळे फोटो धडधाकट. लेखन गेलं, फोटो वाचले.

फोटोंवरून आठवलं. आयफोनवर २०१७ पासून फोटो एचईआयसी या प्रकारात साठतात, ते क्रोममध्ये उघडत नाहीत आणि फॉर्मच्या साइटी घेत नाहीत. फोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, 'मोस्ट कम्पॅटिबल' केलं की पुढचे फोटो जेपीजी होतात. जुन्या स्कॅनरवर केलेल्या टिफ फाईलींचं तेच. क्रोमला त्या दिसत नाहीत, विंडोजच्या फोटोमध्ये उघडून पीडीएफवर प्रिंट मारायची.

आणि नावं! नेरुळच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी आले होते. त्यांनी सोसायटीच्या साइटवर सभासदांची शेअर सर्टिफिकेटं चढवली, काही उघडत होती, काही 'सापडत नाही' म्हणत होती. ज्या नावात फ्लॅटच्या आकड्याआधी हॅशचं चिन्ह होतं तेवढ्याच फाईली सापडत नव्हत्या. वेबच्या पत्त्यात हॅश आलं की त्याच्या पुढचं ब्राउझर सर्व्हरला कळवतच नाही, ते पानातल्या जागेसाठी राखलेलं आहे. 'फ्लॅट #३०२' मागितलं तर सर्व्हरला फक्त 'फ्लॅट' एवढंच ऐकू येतं. चांगली साइट हे सांभाळून घेते, यांची घेत नव्हती. हॅश काढले, प्रश्न मिटला. तसंच सातबाराचं. फाईलीला नाव देताना '७/१२' लिहिता येत नाही, तिरपी रेघ चालतच नाही, म्हणून कुणी ७-१२ लिहितो, कुणी सातबारा. मराठीत लांबलचक नावं देणाऱ्यांनाही एक सांगते. फोनमध्ये फाईलीच्या नावाला सहसा २५५ बाइटांची मर्यादा असते आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं. काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडणं, सगळी वेगवेगळी चिन्हं. म्हणजे ८५ चिन्हांतच नाव संपलं. 'मौजे अमुक तालुका तमुक येथील वडिलोपार्जित जमिनीचा' इथवरच निम्मं संपतं.

सावधगिरीची गोष्ट सांगायलाच हवी. फाईल उघडेना म्हणून 'पीडीएफ दुरुस्त करा', 'पासवर्ड काढा' अशा कुठल्याही साइटवर आधार, पॅन, बँकेचं पत्रक चढवू नका. आपण आपल्या हाताने दुसऱ्याला प्रत देत असतो. आणि लग्नपत्रिका किंवा गाडीचं चलान म्हणून जी फाईल व्हॉट्सॲपवर येते तिच्या नावाचं शेवटचं टोक पाहा. एपीके असेल तर ती पत्रिका नव्हे, ॲप आहे, आणि ते टाकलं तर तुमचे ओटीपी दुसरा वाचू शकतो. विंडोज तर नावाचं हे टोक मुळात लपवूनच ठेवतं, त्यामुळे 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' ही फाईल 'बिल डॉट पीडीएफ' म्हणून मिरवते. फोल्डरच्या व्ह्यू मेन्यूत जाऊन फाईल नेम एक्स्टेन्शन्स चालू करा, आजच. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन लावा.

राहिला आपला खास मराठी आजार. फाईल उघडते, पण वाचता येत नाही. युनिकोड, म्हणजे मराठीच्या प्रत्येक चिन्हाला स्वतःचा ठरलेला आकडा देणारी पद्धत, रुळायच्या आधी आम्ही टायपिंगवाल्यांनी सगळं कृती देव, श्रीलिपी अशा फाँटांत केलं. त्यात कॉम्प्युटरला मराठी ठाऊकच नसतं. कृती देवमध्ये 'काम' लिहायचं तर मी डी, के, ई ही बटणं दाबते. फाईलीत साठतात ती तीन इंग्रजी अक्षरंच, फाँट फक्त त्यांना क, काना आणि म चे कपडे चढवतो. तो फाँट कॉम्प्युटरवर असला तर काम, नसला तर डीकेई. गुगल डॉक्समध्ये तो नाही, म्हणून तिथे अशी फाईल उघडली की पानभर इंग्रजी बडबड. उपाय दोन. ज्याच्याकडे फाँट आहे त्याने पीडीएफ करून पाठवायची, पीडीएफ बनताना फाँट सोबत बांधला जातो, सहसा. किंवा लेखन युनिकोडमध्ये फिरवून घ्यायचं, आणि मग जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांत तेल घालून तपासायचे, कारण तिथेच घोळ होतो.

मागच्या आठवड्यात नौपाड्यातले एक आजोबा आले. जुनी वर्डची फाईल, २००९ सालची, भावाभावांतला समजुतीचा कागद. पुतण्याने पुण्याला ब्राउझरमध्ये उघडली, तर कीडामुंगी. "फाईल सडली म्हणतो, ताई." मी पडद्याकडे पाहिलं आणि वाचायला लागले, इंग्रजी अक्षरांतूनच, सरळ मराठी: "लिहून देणार यांस कारणे..." आजोबा माझ्याकडे बघतच राहिले. कृती देवची बटणं रेमिंग्टन टाइपरायटरसारखीच, त्यावर हात बसलेल्याला ते पाठ असतं, त्यात जादू नाही. वाचता वाचता शेवटच्या पानावर आले. अगदी तळाशी, डाव्या कोपऱ्यात, बारीक टायपात दोन निरर्थक अक्षरं होती. मागच्या टेबलावरचा जुना कॉम्प्युटर चालू केला, त्यात फाँट अजून आहे. तिथे ती फाईल उघडली तेव्हा ती दोन अक्षरं मराठीत दिसली. टायपिस्टची आद्याक्षरं. माझीच होती.